आगीला निजवणारं आडनाव

माझं नाव हेस्टर अ‍ॅशबर्नर. हे मी आत्ता जितक्या सहज लिहिलं तितक्या सहज उच्चारायला मला चौदा वर्षं आणि वर एक हिवाळा लागला. हजेरीत माझं नाव पहिलं. त्या वेळी वर्ग अजून गप्प झालेला नसायचा, दप्तरं आपटत असायची, आणि मी इतक्या हळू ‘हजर’ म्हणायचे की बाईंना ऐकूच जायचं नाही. वर्षातले कितीतरी दिवस मी बाकावर बसलेली असून शाळेच्या लेखी गैरहजर होते.

मग या मार्चमध्ये इतिहासाच्या ऑग्डनबाईंनी सगळ्यांना आपापल्या आडनावाचा अर्थ विचारला. लोहार निघाले, गिरणीवाले निघाले, एक जण चक्क बिशपचा वंशज असल्याचं सांगून मोकळा झाला. माझी पाळी आली तेव्हा मागून बार्नी लोथर म्हणाला, “राख जाळणारे. राख आधीच जळलेली असते ना? हिच्या पूर्वजांना एवढंही कळत नव्हतं.”

वर्ग हसला. ऑग्डनबाईंनी हात वर केला आणि शांतपणे सांगितलं की राख जाळणारे नव्हे, राखेसाठी जाळणारे. आपल्या डोंगरांवर जे नेचे माजतात ना, ते जुन्या काळी खड्ड्यात जाळायचे. त्या राखेतून खार काढायचा, खारात चरबी उकळून साबण करायचा, आणि त्या साबणानं सगळ्या खोऱ्याची लोकर धुवायची. हे काम करणारी घरं थोडी होती, म्हणून नावही दुर्मीळ. आपल्या भागाबाहेर फारसं सापडत नाही.

आणि मी उभी राहिले. का ते विचारू नका, पाय आपोआप उभे राहिले. म्हणाले, “पेटवायचं कशासाठी ते कळायला लागतं, बार्नी. तू नुसताच पेटतोस.”

या वेळी वर्ग माझ्या बाजूनं हसला. त्या क्षणी माझ्या घशातून कुठलं तरी बूच निघालं ते आजतागायत परत बसलेलं नाही. आई म्हणते, शोधतेय.

त्या दिवशी मी बसथांब्यापासून घरापर्यंत पळत आले. आमच्या स्कार्थडेलच्या खोऱ्यात मार्च महिन्यात धुकं तळ्यावरून उठतं आणि दगडी कुंपणं ओलांडत मेंढ्यांसारखं हळूहळू वर चढतं. त्यातून पळताना आपण जमिनीवर आहोत की नाही कळत नाही. मला तर नाहीच वाटलं. माझ्या आत शेकडो वर्षांची माणसं उठून बसली होती आणि त्या सगळ्यांच्या हाताला साबणाचा वास येत होता.

आई स्वयंपाकघरात अ‍ॅपल-पायची पारी लाटत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. तिनं लाटणं थांबवलं नाही.

“छान,” ती म्हणाली. “सप्टेंबरनंतर तुला असलं कुणी विचारणार नाही.”

“का?”

“कारण लायनेलशी माझं लग्न झालं की आपण दोघीही ट्वेडल होणार. ट्वेडल म्हणजे काय, हे आजवर एकाही माणसानं लायनेलला विचारलेलं नाही.”

आता थोडं मागचं सांगते. माझ्या वडिलांशी आईचं लग्न झालं नव्हतं, आणि ते कॅनडातून नाताळला एक कार्ड पाठवतात तेवढाच आमचा संबंध. म्हणजे अ‍ॅशबर्नर हे नाव आईचं, आणि तिच्याकडून माझं. आईच्या आधी तिच्या वडिलांचं, आणि आता त्या पिढीतले उरलेले एकटे तिचे काका, जॉन्टकाका. ते आमच्या वर, डोंगरावरच्या घरात शंभरेक हर्डविक जातीच्या मेंढ्यांबरोबर राहतात. बस. खोऱ्यात एवढेच अ‍ॅशबर्नर. लायनेल फिरत्या वाचनालयाची गाडी चालवतो. उंच आहे, वाकून चालतो, आणि परागकणांच्या दिवसांत बोलतो कमी, शिंकतो जास्त. मला तो आवडतो. तो आवडत नसता तर सगळं किती सोपं झालं असतं.

“मला नाही व्हायचं ट्वेडल,” मी म्हणाले.

“कालपर्यंत तुला हजेरीला नाव सांगायची लाज वाटत होती.”

“कालपर्यंत.”

“हेस्टर, मला या नावाचा कंटाळा आलाय.”

“नावाचा कसा कंटाळा येतो कुणाला?”

“येतो,” ती म्हणाली आणि पारीच्या कडा बोटांनी इतक्या जोरात दाबल्या की एक तुटलीच. तिथे विषय संपला. म्हणजे तिचा संपला. मला त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. नाव आत्ता कुठे माझ्या हातात आलं होतं, आणि लग्नाच्या दिवशी ते काढून घेतलं जाणार होतं.

मी जॉन्टकाकांकडे गेले. ते कुंपणाचा पडलेला दगड परत बसवत होते. त्यांनी सगळं ऐकलं, दगड दोनदा फिरवून पाहिला आणि म्हणाले, “पोरी, आडनाव म्हणजे मेंढीच्या कानाचा कातरा. कुणाच्या कळपातली ते लांबून कळावं म्हणून. कळपच उरला नाही तर कातऱ्याचं काय लोणचं घालायचं?”

“तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“मला वाटून काय होणार? मी लग्न करू का आता?”

“करा की.”

“अगं, मेंढ्या काय म्हणतील,” ते म्हणाले. मग दगड खाली ठेवला. “चल, तुला एक दाखवतो.”

घरामागच्या बर्चच्या रानात त्यांनी मला नेलं. तिथे मी लहानपणापासून शेकडो वेळा गेले होते. एक गोल खळगा होता, पुरुषभर खोल, आतून दगडांनी बांधलेला, तळाला कुजकी पानं. मी त्याला कोल्ह्याचं घर म्हणायचे. काका म्हणाले, हाच तो खड्डा. इथेच नेचे जाळायचे. त्यांच्या आजोबांनी त्यांच्यासमोर शेवटचा जाळला, तेव्हा काका इतके लहान होते की त्यांना फक्त दोन गोष्टी आठवतात. एक, आजोबा खड्ड्याजवळ कुणाला मोठ्यानं बोलू द्यायचे नाहीत. आणि दुसरी, दिवसभर झोप यायची.

मी खळग्यात उतरले. दगड एका बाजूनं काळे होते. मी तळहात टेकवला. तो गार होता, पण मला शपथेवर वाटलं की आत खोल कुठेतरी ऊब आहे, पांघरुणात नुकतंच कुणी झोपून उठावं तशी.

तिथेच मला युक्ती सुचली. आमच्याकडे नवरीच्या खांद्यावर तिच्या घरच्या मेंढ्यांच्या लोकरीची शाल असते. करडीच असते, कारण हर्डविकची लोकर करडीच, आणि टोचते, पण असते. आई म्हणत होती की ती केंडल शहरातल्या दुकानातून तयार शाल आणणार. मी ठरवलं की राख मी करणार, खार मी काढणार, साबण मी उकळणार आणि काकांच्या मेंढ्यांची लोकर धुऊन तिच्यासमोर ठेवणार. ती शाल अंगावर घेतल्यावर ती नाव टाकूच कसं शकेल? पंधराव्या वर्षी हे मला अत्यंत तर्कशुद्ध वाटत होतं. अजूनही वाटतं.

पहिला प्रयत्न ईस्टरच्या सुट्टीत. डोंगरभर गेल्या सालचे नेचे तपकिरी होऊन आडवे पडलेले होते, कडकडीत वाळलेले. जाळायला याहून चांगलं काय? काका, मी आणि लायनेल, तिघांनी भारेच्या भारे आणले. लायनेलनं तोंडाला आईचा जुना रुमाल बांधला होता.

“बँक लुटायला चाललाय का हा?” काकांनी विचारलं.

“शिंक आली तर तुमची आग विझेल म्हणून बांधलाय,” लायनेल रुमालातून म्हणाला.

आणि काय पेटली म्हणता ती. भस्सकन, झाडाएवढी उंच, नारिंगी. आम्ही तिघंही तोंड उघडं ठेवून पाहत राहिलो. थर्मासमधून ओतलेला चहा प्यायजोगा निवायच्या आत सगळा खेळ आटोपलेला होता. खड्ड्यात उरलं काय, तर काळी पिसं. अर्धी वारा घेऊन गेला. उरलेल्या मूठभरावर मी पाणी ओतलं आणि बोटांत चोळून पाहिलं. खाराचं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं, असं बाई म्हणाल्या होत्या. हे नुसतं घाण पाणी होतं.

“शाल घाण करायची असली तर उत्तम आहे,” लायनेल म्हणाला.

घरी गेले तर आई खिडकीशी उभी होती. दिवा लावला नव्हता. खिडकीतून बर्चचं रान दिसतं.

“ज्वाळा इथपर्यंत दिसल्या,” ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. “खोऱ्यात सगळ्यांना दिसल्या असतील.”

“मग? आपलीच जागा आहे.”

“केस धू. दोनदा धू. आणि पुन्हा तिथे आग लावायची नाही.”

मी वाद घालणार होते. आताशा मी वाद घालण्याची एकही संधी सोडत नाही. पण तिनं दोन्ही हात बगलेत घट्ट दाबून धरले होते आणि नजर रानावरून काढत नव्हती. मी मुकाट्यानं केस धुवायला गेले.

मे गेला, जून गेला. नवे नेचे मुठी उघडत वर आले, आधी गुडघ्याएवढे, मग कमरेएवढे, मग डोंगराचा रंगच बदलला. जुलैत मेंढ्यांची लोकर कातरली. एकदा काकांना जेवता जेवता काहीतरी आठवलं. चमचा तोंडाशी तसाच राहिला.

“हिरवे,” ते म्हणाले. “आजोबांच्या हातांना हिरवा डाग असायचा. वाळल्या नेच्यांचा कशाला पडेल? आपण मढं जाळलं, पोरी. जिवंत नेचे कापायला हवे होते.”

मग एकेक करून आठवत गेलं, जसं विहिरीत दोर सोडावा आणि बादल्या भरून वर याव्यात. दव असताना कापायचे. तळाला थोडा विस्तव, वर ओले नेचे, त्यावर आणखी ओले. आणि आजोबा एक वाक्य सारखं म्हणायचे. आगीला आकाश दिसू द्यायचं नाही.

“म्हणजे?”

“म्हणजे ज्वाळा वर आली की संपलं. ज्वाळेबरोबर राखेतला जीव उडून जातो. आग आत राहिली पाहिजे. झोपेत. झोपेत जळली पाहिजे.”

शाळेला सुट्टी लागली होती. आई उल्व्हर्स्टनला चष्म्याच्या दुकानात काम करते, ती सकाळच्या बसनं गेली की सहाला परत. मला माहीत होतं की मी तिचा शब्द मोडतेय. काकांनाही माहीत होतं. आम्ही त्याविषयी बोललो नाही. पहाटेच्या दवात विळे घेऊन आम्ही डोंगरावर गेलो आणि न्याहारीच्या वेळेला खड्ड्यातून पहिला धूर आला.

तसा धूर मी आधी कधी पाहिला नव्हता. पांढरा, जड, दुधासारखा. तो वर जाईना. खड्ड्याच्या काठावरून ओसंडला, बर्चच्या खोडांमधून सांडत उताराला लागला आणि कुंपणाशी क्षणभर थांबून त्यावरून खाली उतरला. त्याला गोडसर, कोंदट वास होता. आतून आवाज म्हणाल तर फक्त एक बारीक सुस्कारा, अधूनमधून, झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तसा. मग तिथे एक हिरवा भारा टाकायचा. धूर पातळ झाला, निळा दिसायला लागला की आग जागी होतेय, लगेच टाकायचा. एवढंच काम. पण ते सोडून दुसरं काही करायचं नाही. कळलं मला, मोठ्यानं का बोलायचं नाही ते. आवाज केला की लक्ष जातं.

मी, जी शाळेत आता कुणाला बोलू देत नाही, ती दिवसभर गप्प होते. पक्षीही लांब गेले होते. खोडं धुरात बुडून नुसते शेंडे तरंगत होते. दुपारी खालून हाक आली की काकांच्या मेंढ्या शेजारच्या गवतात शिरल्यात. ते उठले. “येतोच मी. डोळा लावू नकोस, हेस्टर.”

“नाही लावणार.”

मी खरंच लावणार नव्हते.

धुरातून माणसं आली. घाईत नव्हती कुणी. येऊन खड्ड्याभोवती बसली, माझ्याकडे पाठ करून. बाया जास्त, पुरुष थोडे, आणि सगळ्यांचे हात हिरवे. कुणी काही बोलेना. एक जण हात पुढे करायची आणि एक नेचा आगीवर ठेवायची, बाळावर दुलई घालावी इतक्या हळू. मग पुढची. मग तिच्या पुढची. मला वाटलं, माझी पाळी येईल तेव्हा मला जमेल का? पण गोल फिरत पाळी माझ्याजवळ आली तेव्हा माझ्या शेजारच्या बाईनं माझ्या वाट्याचा नेचाही स्वतःच ठेवला. तिचा चेहरा दिसला नाही. हात ओळखीचा होता.

जागी झाले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. समोर आई होती.

दुकानातल्या कपड्यांत, काळ्या स्कर्टमध्ये, गुडघ्यांवर. एक बूट नव्हता. हात कोपरापर्यंत काळे, केसांत नेच्याचे तुकडे. ती दोन्ही हातांनी भारा उचलून खड्ड्यावर टाकत होती आणि वरून दाबत होती. काठाच्या एका बर्चची खालची फांदी पार जळून लोंबत होती. माझ्यापासून दोन हातांवर.

“आई.”

“झोप,” ती म्हणाली, वळून न बघता. “आता निजलीय ती.”

दुकान लवकर बंद झालं होतं. बसमधून उतरताना तिला रानात एक ज्वाळा दिसली. फक्त एक. ती तिथून धावत आली होती, सगळा चढ. येऊन पाहते तर आग एका अंगानं उठून फांदीला लागलेली आणि तिची मुलगी शेजारी घोरत पडलेली. तिनं फांदी विझवली, आग झाकली, आणि मग मला उठवण्याऐवजी आगीजवळ बसून राहिली. किती वेळ, ते तिनं सांगितलं नाही. पण काकांबरोबर कापलेले अख्खे भारे संपले होते, आणि तिच्याजवळ तिनं कापलेल्या ओल्या नेच्यांचा नवा ढीग होता.

“ओरड ना,” मी म्हणाले. ती न ओरडता बसली की मला जास्त भीती वाटते.

“ओरडणारच होते. मग विसरले.” तिनं मनगटानं कपाळ पुसलं, कपाळ काळं झालं. “इथं बसलं की विसरायला होतं, नाही?”

काका अजून मेंढ्यांमागेच होते. आम्ही दोघी धुराकडे पाहत बसलो. मग तिनं मला सांगितलं. बोलत होती माझ्याशी, पण डोळे आगीवरून हलले नाहीत.

ती तेरा वर्षांची असताना आमच्याच खोऱ्यातल्या अ‍ॅग्नेस फॉदरगिलबाईंचं गवताचं कोठार जळालं. हिवाळ्याची सगळी वैरण गेली. कशानं, ते कुणाला कळलं नाही. पण त्या दुपारी पाऊस आला म्हणून आई त्या कोठारात थांबली होती आणि दोघांनी तिला तिथून निघताना पाहिलं होतं.

“तू लावलीस?” मी विचारलं.

“नाही.”

“मग तसं सांगितलं नाहीस?”

“कुणाला? कुणी विचारलंच नाही, हेस्टर. नाही म्हणायलासुद्धा आधी कुणीतरी विचारावं लागतं. लोक फक्त आडनाव घ्यायचे. ‘अ‍ॅशबर्नरांची मुलगी’ म्हणायचे आणि गप्प व्हायचे. जाळणाऱ्यांची मुलगी. पुढचं वाक्य कधी आलंच नाही.”

मला एकदम कळलं, ती अ‍ॅग्नेसबाईंच्या दारावरून जाताना नेहमी रस्ता का ओलांडते. शाल केंडलहून का आणायची होती तेही. या खोऱ्यात लोकर कातून-विणून देणाऱ्या एकट्या अ‍ॅग्नेसबाईच आहेत.

“पण आपण जाळणारे नाही आहोत,” मी म्हणाले. “आई, बघ ना. जाळणं कुणालाही येतं. ईस्टरला आम्ही जाळलं आणि काहीच मिळालं नाही. आपलं काम आगीला उठू न देणं. तू आत्ता काय करत होतीस? माझ्या झोपेत तू तेच करत होतीस. आगीला निजवणारे आहोत आपण. इतके दिवस सगळं खोरं उलटं समजत होतं.”

तिनं एक नेचा आगीवर ठेवला. मग म्हणाली, “हे तू पाठ करून आली होतीस?”

“अर्धं.”

ती हसली. तेवढ्यात एका कडेनं धूर निळा झाला आणि आम्ही दोघींनी एकदम हात पुढे केला. तिचा आधी पोचला.

राख दुसऱ्या दिवशी निवली. पांढरट, मऊ आणि पिठासारखी जड. काकांनी मूठभर हातात घेतली आणि नाक शिंकरायला दुसरीकडे तोंड केलं. पिंपात पेंढा, पेंढ्यावर राख, राखेवर पावसाचं पाणी, आणि खाली थेंबथेंब पडलेलं ते तपकिरी पाणी मी बोटांत चोळलं तर बोटं एकमेकांवरून घसरली. मेंढीच्या चरबीत ते उकळलं तेव्हा मात्र असा वास सुटला की लायनेल गाडी गेटाबाहेरच लावून उभा राहिला.

“रोवेना,” त्यानं तिथूनच आईला विचारलं, “लग्नात हा वास असणार आहे का? म्हणजे मी येणार आहेच. फक्त किती लांब उभं राहायचं ते ठरवतोय.”

“तुझं नाक तसंही बंद असतं,” आई म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती त्याला चिडवत होती.

ऑगस्टच्या एका सकाळी आम्ही लोकर ओढ्यावर नेली. पाणी गुडघाभर, आणि इतकं स्वच्छ की तळाचे गोटे पाण्याबाहेर असल्यासारखे दिसतात. आईनं आणि मी लोकरीला साबण लावला, दाबला, सोडला. पिवळट वंगण पाण्यात ढगासारखं पसरायचं आणि वाहत जायचं. ढगामागून ढग. शेवटी पाणी निवळलं तेव्हा आमच्या हातात धुक्याचा तुकडा उरल्यासारखं वाटलं.

काठावर चाहूल लागली. अ‍ॅग्नेसबाई. रबरी बूट, डोक्याला स्कार्फ, हातात टोपली.

“मीच बोलावलंय,” आई मला हळूच म्हणाली. ती ओढ्यातून बाहेर आली नाही.

अ‍ॅग्नेसबाईंनी काठावरूनच वाकून लोकरीचं टोक हातात घेतलं, दोन बोटांत ताणलं, नाकाशी नेलं. “वंगण गेलंय, पण लोकर मेलेली नाही,” त्या म्हणाल्या. “दुकानच्या साबणानं मरते. कातताना कळतं लगेच. राख कुणाच्या हातची? जॉन्टला काही एवढं बसवत नाही आता.”

मी तोंड उघडलं. खड्डा माझा, युक्ती माझी, पहाटेचं कापणं माझं. सांगण्यासारखं खूप होतं. आईकडे पाहिलं आणि मिटलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात कठीण काम होतं.

“माझ्या,” आई म्हणाली. “आग मी राखली त्या दिवशी. रोवेना अ‍ॅशबर्नरनं.”

तिनं पूर्ण नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते.

अ‍ॅग्नेसबाई तशाच वाकलेल्या राहिल्या.

“आणि तुमचं कोठार मी पेटवलं नव्हतं, अ‍ॅग्नेसबाई. मी तिथे पाऊस थांबायची वाट बघत होते. एवढंच.”

“ठाऊक आहे मला,” अ‍ॅग्नेसबाई म्हणाल्या.

आईच्या हातातून लोकर सुटली. मी पकडली.

“आमच्या ह्यांनी गवत ओलं भरलं होतं. मी सांगत होते, आणखी दोन दिवस ऊन खाऊ दे. पण शेजारचं भरून झालं होतं ना, मग यांना दम कसला निघतोय. ओलं गवत आतल्या आत तापतं. काडी लागत नाही त्याला.”

“मग कधी बोलला का नाहीत?”

“ते होते तोवर कसं बोलणार? सबंध खोऱ्यासमोर नवऱ्याला मूर्ख म्हणू? आणि ते गेल्यावर वाटलं, आता कुणाच्या लक्षात असणार.”

“माझ्या आहे,” आई म्हणाली.

अ‍ॅग्नेसबाई आईकडे पाहत राहिल्या. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा एकदम लहान दिसायला लागतो कधीकधी, तसा झाला. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. टोपली ठेवली आणि त्या सरळ ओढ्यात उतरल्या. बुटांच्या वरून पाणी आत गेलं तरी थांबल्या नाहीत. माझ्या हातातलं लोकरीचं टोक घेतलं आणि आईला म्हणाल्या, “धर त्या बाजूनं. पिळू नकोस, नुसतं दाब. अगं, घट्ट धर की, वाहून जाईल.”

आईनं धरलं. दोघी समोरासमोर उभ्या, मध्ये ती ओली लोकर, आणि पाणी दोघींच्या मधून जात होतं. अ‍ॅग्नेसबाई म्हणाल्या, रविवारी चर्चमधून बाहेर पडताना त्या चारचौघांत सांगतील. आई म्हणाली, “सांगा.” मग म्हणाली, “शाल जरा लांब हवी. लायनेल उंच आहे, त्याच्या शेजारी मी अर्धीच दिसते.”

वर जाताना टोपलीचा एक कान तिच्या हातात, एक माझ्या. मला वाटत होतं, आता ती म्हणेल. आता म्हणेल.

“मी ट्वेडल होणार हं,” ती म्हणाली.

माझ्या हातातली टोपली जड झाली.

“लायनेलला शब्द दिलाय. आणि मला हवंही आहे, खरंच. त्या नावानं कुणी माझ्याकडे वळून बघणार नाही. मी थकलेय, हेस्टर. आजचं चांगलं झालं, पण त्यानं मधली वर्षं नाहीत धुऊन निघत.”

“आणि मी?”

“तू नाहीस थकलेली.” तिनं टोपली खाली ठेवली, हात बदलायला. “तू ठेव ते. लायनेलशी बोललेय मी. तो म्हणाला, पोरीचं नाव काढून घ्यायला तो काय जकातदार आहे का?”

मी काही बोलले नाही, याची कृपया नोंद घ्यावी. मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं, आणि तरी ते पुरेसं नव्हतं. मला ती माझ्याबरोबर हवी होती. मी शालीनं तिला बांधून ठेवायला निघाले होते, आणि ती मोकळी होऊन चालली होती.

लोकर आम्ही घराच्या कुंपणाच्या दगडांवर पसरली. वाऱ्यानं ती फुलत गेली. उन्हात तिचा करडा रंग कुठे निळसर, कुठे रुपेरी दिसायला लागला, तळ्यावर ढग सरकताना दिसतो तसा. आई दगडाला टेकून डोळे मिटून उभी होती, चेहरा उन्हाकडे. झोपली की काय असं वाटलं.

आत फोन वाजला. ती फोनवर नेहमी नुसतं ‘हॅलो’ म्हणते आणि समोरच्यानं आपण कोण ते सांगेपर्यंत थांबते. मी मागून दारापर्यंत गेले. लग्नाला अजून तीन-चार आठवडे होते. तिनं ओला हात स्कर्टला पुसून फोन उचलला, एक श्वास घेतला, आणि प्रत्येक अक्षर सुटं सुटं लावत म्हणाली, “रोवेना अ‍ॅशबर्नर बोलतेय.”